सावकाश मधुचंद्र : पोर्तो ते ताविरा

परदेशातल्या मधुचंद्राची आखणी बहुतेक घरांत ‘काय काय बघायचे’ या प्रश्नापासून सुरू होते, आणि त्यातून जी यादी तयार होते तीच निवांतपणाला पहिला धक्का देते. प्रवासात माणूस थकतो तो मुख्यतः मुक्काम हलवल्यामुळे. सामान बांधणे, सकाळी खोली सोडणे, स्थानक गाठणे, नव्या शहरात पत्ता शोधणे आणि दुपारपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहत सामानाजवळ बसणे यांत एका बदलापायी जवळजवळ एक दिवस खर्ची पडतो, आणि दोन आठवड्यांत सहा-सात वेळा हे करणाऱ्या जोडप्याला एकमेकांशी धड बोलायला बहुधा गाडीतच सवड सापडते. शहरेही हवीत, समुद्रही हवा आणि घाई मात्र नको, असे ज्यांना वाटते त्यांनी म्हणून असा देश निवडावा, की जिथे शहरात राहूनच समुद्रावर जाऊन येता येते आणि एका शहरातून दुसऱ्यात जायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही. युरोपात या कसोटीला इटली बऱ्याच अंशी उतरतो, ग्रीस थोडा कमी. पण सर्वांत सहजपणे उतरतो तो पोर्तुगाल.

या देशाची मुख्य भूमी उत्तर-दक्षिण साधारण ५६० किलोमीटर लांब असून तिची रुंदी सुमारे २२० किलोमीटरांच्या पलीकडे जात नाही. पोर्तो आणि लिस्बन ही तिथली दोन मोठी शहरे अटलांटिक महासागराला मिळणाऱ्या दोन नद्यांच्या मुखाशी, म्हणजे अनुक्रमे दोरू आणि टॅगस या नद्यांच्या काठी वसलेली आहेत, आणि त्यांच्यामध्ये धावणारी जलद रेल्वेगाडी सुमारे तीन तासांत एका शहरातून दुसऱ्यात पोचवते. लिस्बनहून तेवढ्याच वेळात गाडी देशाच्या दक्षिण टोकाला, अल्गार्व नावाच्या किनारपट्टीवरील फारो या गावी जाते. त्यामुळे पोर्तोत तीन रात्री, लिस्बनमध्ये चार, अल्गार्वच्या पूर्व भागातील ताविरा या लहानशा गावात चार आणि परतीच्या आधी पुन्हा लिस्बनमध्ये एक, असा बारा रात्रींचा कार्यक्रम आखला, तर दोन शहरे, त्यांच्या लगतचे किनारे आणि एक निखळ समुद्रमुक्काम हे सारे मुक्काम केवळ तीनदा हलवून साधते.

उत्तरेकडून दक्षिणेकडे हा क्रम सोयीपुरता सुचवलेला नाही. पोर्तुगालचा समुद्र उत्तरेला थंड आणि खवळलेला असून दक्षिणेला, त्यातही पूर्वेकडे सरकताना, उबदार व शांत होत जातो; शिवाय शहरे आधी पाहून झाली, की समुद्राकाठच्या दिवसांत ‘अजून अमुक राहिले’ ही टोचणी उरत नाही. यासाठी विमानाचे तिकीट एका शहरात उतरण्याचे आणि दुसऱ्या शहरातून परतण्याचे काढावे लागते. अशा तिकिटाला फार जास्त पैसे पडतात असा समज आहे, पण एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे घेतले तर फरक पुष्कळदा किरकोळ असतो आणि परतीसाठी पुन्हा पहिल्या शहराकडे जाण्याचा खर्च व वेळ वाचतो. मुंबईहून जाताना आखाती देशांतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते. पोर्तोसाठी युरोपातून जाणारी विमाने अधिक सोयीची पडतात. मात्र त्या वेळी परदेशी नागरिकांची तपासणी त्या मधल्या विमानतळावरच होते, म्हणून दोन विमानांमध्ये निदान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे.

आखणीतला सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग ऋतूचा आहे, आणि महाराष्ट्रातल्या लग्नांच्या बाबतीत तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. आपल्याकडचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन आषाढापर्यंत चालतात, आणि त्यातली लग्नांची दाटी एकदा नोव्हेंबर-डिसेंबरात व पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत होते. पोर्तुगालमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पावसाचे महिने आहेत. पोर्तोत त्या काळात आठवडाभर सूर्यदर्शन न होणे नवलाचे नाही, डिसेंबरात दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो, आणि तिथली जुनी घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असल्याने आतून बाहेरच्यापेक्षाही गार वाटतात. याच काळात नाझारे या गावासमोर, समुद्रतळाशी असलेल्या खोल दरीमुळे, डोंगराएवढ्या लाटा उठतात. २०२० मध्ये तिथे एका लाटारोहकाने २६.२१ मीटर उंचीची लाट पार करून जागतिक विक्रम नोंदवला. हे दृश्य कड्यावरून पाहण्यासारखे खरे, पण पाण्यात पाय बुडवून बसण्याची कल्पना घेऊन आलेल्या जोडप्याच्या ते उपयोगाचे नाही. म्हणून हिवाळ्यात लग्न झालेल्यांनी मधुचंद्र लग्नाला चिकटून असलाच पाहिजे हा हट्ट सोडावा आणि तो मे किंवा सप्टेंबरपर्यंत लांबवावा. सत्यनारायण, कुलदैवताचे दर्शन, दोन्हीकडच्या नातेवाइकांची आमंत्रणे हे सगळे उरकून, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर निघालेले जोडपे निदान झोप पूर्ण झालेल्या अवस्थेत विमानात बसते. एप्रिल-मेमध्ये लग्न करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. मेअखेर ते जूनअखेर हा पोर्तुगालचा सर्वोत्तम काळ आहे. लिस्बनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, आणि जुलै-ऑगस्टमधली युरोपीय सुट्ट्यांची गर्दी अद्याप सुरू झालेली नसते. समुद्राचे पाणी सर्वांत उबदार हवे असेल तर मात्र सप्टेंबर बरा, कारण समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो.

परवान्याची बाजू कंटाळवाणी असली तरी तीत झालेली चूक प्रवासच थांबवते. पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात आहे. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले एक छोटे गाव असून, आपसांतल्या सीमांवरची तपासणी रद्द करण्याचा करार काही युरोपीय देशांनी १९८५ मध्ये तिथे केला, आणि त्यावरून या देशसमूहाला ते नाव पडले. या क्षेत्राच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. प्रत्यक्षात शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहणे धाडसाचे ठरते, कारण उन्हाळ्यात अर्ज देण्यासाठीची अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे लागू शकतात. प्रौढांसाठी मूळ शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, निदान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे, आणि अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे त्या देशाकडे करायचा असतो.

नवविवाहितांचा खरा घोटाळा नावात होतो. पासपोर्टवर वधूचे माहेरचे नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे, लग्नपत्रिकेवर सासरचे आणि तिकिटावर ज्याने आरक्षण केले त्याच्या सवयीप्रमाणे कोणतेही, असा प्रकार सर्रास घडतो. नियम साधा आहे : व्हिसा, तिकीट आणि विमा या तिन्हींवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. मराठी पद्धतीत वडिलांचे नाव मधे येते आणि ते पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाच्याच रकान्यात छापलेले असते, हेही तिकीट काढताना ध्यानात ठेवावे लागते. लग्नानंतर नाव बदलायचे असल्यास त्याची घाई न करता आहे त्या पासपोर्टवर प्रवास करून यावा. कायद्याने त्यात काही गैर नाही, आणि पतिपत्नी असल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो, ही अट अर्ज भरताना कळण्यापेक्षा लग्नाची तारीख ठरतानाच तपासलेली बरी.

पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशाला घड्याळ मागे करावे लागते. उन्हाळ्यात भारत पोर्तुगालच्या साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी संध्याकाळीच डोळे मिटू लागतात आणि पहाटे लवकर जाग येते. शरीराला दिवस लांबवणे हे तो आखडण्यापेक्षा सोपे जात असल्याने ही अवस्था दोन-तीन दिवसांत निवळते. पण तोवर रात्रीच्या जेवणाचे आरक्षण किंवा लांबच्या सहली ठेवण्यात अर्थ नाही. पोर्तो हे शहर या पहिल्या दिवसांसाठी योग्य आहे, कारण ते लहान आहे आणि त्याचा गाभा तासाभरात पायी ओलांडता येतो. दोरू नदीच्या उतारावर एकावर एक रचलेली त्याची जुनी वस्ती युनेस्कोने १९९६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतली. साँव बेंतो या रेल्वेस्थानकाच्या दालनात सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवर पोर्तुगालच्या इतिहासातले प्रसंग चितारलेले आहेत. अशा रंगवून भाजलेल्या फरशीला आझुलेजो म्हणतात, आणि गोव्यात पणजीच्या जुन्या घरांच्या दारांवर दिसणाऱ्या नावाच्या पाट्या याच परंपरेतल्या. नदीवरचा दोन मजली लोखंडी पूल १८८६ चा असून तो आयफेलच्या एका जुन्या सहकाऱ्याने आखला. त्याच्या वरच्या मजल्यावरून आज मेट्रो धावते आणि पादचारीही चालतात. पलीकडच्या काठावर पोर्ट वाइनची कोठारे आहेत. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क घातला, की आंबण्याची क्रिया थांबते आणि रसातली काही साखर शिल्लक राहते, म्हणून हे मद्य गोड व जड लागते. ज्या खोऱ्यातून ती द्राक्षे येतात त्याच्या सीमा सरकारने १७५६ मध्येच आखून दिल्या होत्या. मद्य न घेणाऱ्यांनाही या कोठारांची थंड, अंधारी दालने पाहायला हरकत नाही. मात्र पोर्तोतली उत्तम दुपार बहुधा फोझ या उपनगरात जाते, जिथे जुनी ट्राम नदीकाठाने मुखापर्यंत नेते आणि लाटा धक्क्याच्या भिंतीवर आदळताना पाहत बसता येते.

लिस्बनकडे जाताना वाटेत आव्हेरो लागते. कालव्यांचे हे गाव छानच आहे, पण सामानासह उतरून दोन तासांत ते ‘करण्याचा’ मोह टाळावा. निवांत प्रवासाची आखणी याच ठिकाणी सहसा बिघडायला सुरुवात होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे आधी काढल्यास बरीच स्वस्त मिळतात, तेव्हा तारखा पक्क्या होताच ती घ्यावीत.

लिस्बनमध्ये कुठे राहायचे हा प्रश्न चित्रांवरून सोडवू नये. अल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती चित्रांत सर्वांत मोहक दिसते, पण तिथे पोचायला अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात, आणि शहरभर पसरलेले दगडी तुकड्यांचे नक्षीदार पदपथ चाकांच्या बॅगांचे व उंच टाचांच्या चपलांचे हाडवैरी आहेत; ओले झाले की ते घसरडेही होतात. सपाटीवरचा बायशा हा भाग राहण्यास अधिक सोयीचा, आणि त्याच्या सपाटपणामागे एक मोठा इतिहास आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ख्रिस्ती धर्मातल्या सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये गर्दी असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट शहरात घुसली आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल या पदवीने प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या देखरेखीखाली हा भाग काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर नव्याने उभारला गेला, आणि इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे घालण्यात आले, जेणेकरून जमीन हलली तरी घर कोसळू नये. भूकंपाचा विचार करून आखलेल्या नगररचनेचे युरोपातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण होय. ज्या अरुंद गल्ल्या त्या संकटातून वाचल्या त्या अल्फामाच्या. तिथे संध्याकाळी जावे आणि मुक्कामाला खाली यावे.

अल्फामा आणि शेजारच्या मोरारिया वस्तीत फादो ऐकायला मिळतो. ही लिस्बनच्या गोरगरिबांच्या वस्तीत एकोणिसाव्या शतकात वाढलेली गायनपरंपरा असून, एक गायक किंवा गायिका, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साधी गिटार एवढाच तिचा संच असतो. २०११ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. गाणे चालू असताना दिवे मंद करतात, वाढप थांबते आणि बोलणाऱ्याकडे सगळे रागाने पाहतात. बैठकीच्या लावणीला किंवा नाट्यपदांच्या मैफलीला बसण्याची सवय असलेल्या श्रोत्याला भाषा न कळताही या गायनातली आर्तता पोचायला वेळ लागत नाही.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १२ जूनची रात्र लिस्बनमध्ये संत अँथनीच्या उत्सवाची असते. हा संत लिस्बनचा रहिवासी आणि लोकसमजुतीप्रमाणे लग्न जुळवणारा. त्याच्या नावाने शहरात १९५८ पासून सामुदायिक विवाह होऊ लागले, १९७४ च्या क्रांतीच्या वर्षी ते बंद पडले आणि १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या दिवसांत तुळशीच्याच कुळातल्या बारीक पानांच्या एका रोपाची कुंडी, तीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचून, प्रिय व्यक्तीला देण्याची रीत आहे. नाक लावले तर रोप सुकते असे मानतात, म्हणून आधी तळहात पानांवरून फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. गल्लोगल्ली निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या मासळीचा धूर, पहाटेपर्यंत वाजणारे संगीत आणि चढलेली भाडी हा त्याचा दुसरा चेहरा. नवपरिणितांसाठी याहून समर्पक सण सापडणे कठीण, पण शांततेच्या शोधात निघालेल्यांनी त्या दोन रात्री मुक्काम कुठे असेल हे आधीच पाहावे.

शहराच्या पश्चिमेला बेलेम येथे १५०१ मध्ये बांधायला घेतलेला जेरोनिमोस मठ आहे. मसाल्याच्या व्यापारातून आलेल्या पैशावर तो उभा राहिला, त्याच्या खांबांवर दोरखंड आणि सागरी वनस्पती कोरलेल्या आहेत, आणि प्रवेशद्वारालगत वास्को द गामाची कबर आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई चिमाजी अप्पांनी कशी घेतली हे शाळेत शिकलेल्या आणि देवळात टांगलेल्या पोर्तुगीज घंटा पाहिलेल्या मराठी प्रवाशाला, त्याच इतिहासाचे दुसरे टोक इथे दिसते. ते भव्य आहे आणि थोडे अस्वस्थ करणारेही. आल्कांतारा भागातले पौर्वात्य संग्रहालय २००८ मध्ये सुक्या कॉड माशाच्या एका जुन्या गोदामात उघडले असून त्यात गोव्यातल्या कारागिरांनी घडवलेल्या वस्तू आहेत.

लिस्बनहून समुद्रावर जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काइश द सोद्रे स्थानकातून सुटणारी लोकल. ती चाळीस मिनिटांत नदीच्या आणि मग समुद्राच्या अगदी काठाने कश्काइश या जुन्या कोळीगावी नेते. सकाळी शहर, दुपारी वाळू आणि रात्री पुन्हा शहर असा दिवस त्यामुळे सहज जुळतो. सिंत्रा मात्र जपून हाताळावे. डोंगरातल्या दाट झाडीत राजवाडे विखुरलेले हे गाव १९९५ पासून जागतिक वारसा आहे, आणि ते सगळे एका दिवसात पाहण्याच्या नादात अर्धा वेळ रांगेत जातो. एकच राजवाडा निवडावा, त्याचे सकाळचे पहिले तिकीट आधी काढावे आणि दुपारी परतावे. या सिंत्राशी भारताचा एक कमी माहीत असलेला धागा आहे : घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवणारा आणि पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रो याची तिथे जहागीर होती, आणि सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख तिथे जाऊन पोचल्यामुळे अभ्यासक त्याला आजही ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात.

समुद्राबद्दल मराठी वाचकाला आधीच सावध करणे भाग आहे. कोकणातले किंवा गोव्यातले पाणी बहुतेक वर्षभर पंचवीस अंश सेल्सिअसच्या वर असते. लिस्बनजवळच्या उघड्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही ते सतरा ते एकोणीस अंशांच्या आसपास राहते. याचे कारण उन्हाळ्यात किनाऱ्याला समांतर वाहणारा जोरदार उत्तर वारा, ज्याला तिथे नोर्ताडा म्हणतात. हा वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त परिणामाने पृष्ठभागावरचे तापलेले पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा खोलातले थंड पाणी घेते. या क्रियेला उत्सरण म्हणतात. खोलातल्या पाण्यासोबत पोषक द्रव्येही वर येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासळी पोसली जाते; पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत हेच घडते आणि तारलीचे थवे येतात. म्हणजे पोर्तुगालच्या सुप्रसिद्ध भाजलेल्या तारल्या आणि पाण्यात शिरताच भरणारी हुडहुडी यांचे मूळ एकच आहे.

ताविराची शिफारस करण्याचे कारण इथे स्पष्ट होते. अल्गार्वचा दक्षिणाभिमुख किनारा त्या वाऱ्यापासून आडोशाला आहे, आणि पूर्वेकडच्या भागात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी बावीस अंशांच्या आसपास पोचते. याच किनाऱ्याचा पश्चिम भाग, लागुश गावाच्या आजूबाजूचा, सोनेरी कडे आणि त्यांतल्या कमानींसाठी जगभर छायाचित्रांतून परिचित आहे. तो पाहण्याजोगा आहेच, पण ते कडे ठिसूळ दगडाचे आहेत. २००९ च्या ऑगस्टमध्ये अल्बुफेराजवळ एक कडा कोसळून त्याखाली बसलेले पाच जण मरण पावले. धोक्याची पाटी असलेल्या कड्याच्या सावलीत चादर अंथरू नये, एवढे पथ्य तिथे प्राणाशी संबंधित आहे. पूर्वेला असे कडे नाहीत. तिथे रिया फोर्मोझा नावाचे खाजण सुमारे साठ किलोमीटर पसरले आहे : मुख्य भूमी, मग भरतीओहोटीचे उथळ पाणी व चिखलाचे पट्टे, आणि त्यांच्यापलीकडे वाळूची लांबट बेटे, ज्यांच्या बाहेरच्या अंगाला खरा समुद्र लागतो. त्यामुळे समुद्रस्नानासाठी बहुतेक ठिकाणी होडीने जावे लागते, आणि हीच अडचण गर्दी आवरते.

ताविरा हे गिलाँव नदीच्या दोन्ही काठांवरचे पांढऱ्या घरांचे गाव आहे. त्याच्या भोवती मिठागरे असून तिथे रोहित पक्षी उतरतात. उरण किंवा ठाण्याच्या खाडीकाठी ते पाहिलेल्यांना ही भूमी परकी वाटणार नाही. जवळच्या बारिल किनाऱ्यावर वाळूत गंजलेल्या नांगरांच्या रांगाच्या रांगा रोवलेल्या आहेत. इथे पूर्वी ट्यूना मासे जाळ्यांच्या भुलभुलैयात कोंडून पकडत आणि ती अवजड जाळी या नांगरांनी समुद्रतळाशी बांधत. विसाव्या शतकात मासे येईनासे झाले, धंदा बुडाला आणि नांगर राहिले. मच्छीमारांचे सामान वाहणारी चिमुकली आगगाडी आता प्रवाशांना खाजण ओलांडून किनाऱ्यावर सोडते. चार दिवसांत याहून अधिक काही ठरवू नये. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, सकाळी मंडईत जावे, होडीची वेळ भरतीनुसार विचारून घ्यावी. किनाऱ्यावर हिरवा, पिवळा व लाल असे बावटे असतात. पिवळ्यात पोहण्यास मनाई असते आणि केवळ काठाशी उभे राहता येते, हे पोहता येणाऱ्यांनीच अधिक ध्यानात ठेवायला हवे.

जेवणाच्या बाबतीत मासे खाणाऱ्यांची चैन आहे, शाकाहारी लोकांना मात्र विचारत राहावे लागते. हिरव्या पानांचे काल्दो व्हेर्द नावाचे सूप दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. लिस्बनच्या लुमियार भागात, मुख्यतः मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती हिंदूंनी उभारलेले राधाकृष्ण मंदिर आहे आणि तिथल्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळते. न मागता टेबलावर ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असल्यास हात न लावता परत करावेत, त्यात कुणाला राग येत नाही. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत रक्कम दाखवू लागले तर नाकारून युरोच निवडावा, कारण रुपयांतला दर जवळजवळ नेहमी तोट्याचा असतो. घरून न्यायच्या शिदोरीलाही मर्यादा आहेत. युरोपीय संघात बाहेरून दूध व मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी आणि साजूक तूप मागे ठेवावे लागते; बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागत असल्याने मे महिन्यात सासऱ्यांनी प्रेमाने दिलेली हापूसची पेटीही. भाजणी, मेतकूट आणि कोरड्या चटण्या नेता येतात.

परतीच्या विमानाआधीची रात्र लिस्बनमध्ये काढावी, असे सुरुवातीला म्हटले ते सावधगिरीपोटी. पोर्तुगालमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप वरचेवर होतात, आणि ताविराहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत एका संपाने कोलमडू शकतो. एक दिवस हाताशी असला की त्याच दिवशी बसने जाण्याची सोय उरते. ही रात्र जुन्या शहरात न काढता ओरिएंट स्थानकाच्या परिसरात काढावी. फारोहून येणारी गाडी तिथेच पोचते, आणि १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला हा भाग सपाट, मोकळा व नदीकाठचा आहे. मुंबईच्या जोडप्याने तिथल्या नदीकाठी दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या नावाची बाग. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. दुसरी म्हणजे ब्रागांझाच्या कॅथरीनचा पुतळा, जिच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या करारात तेच बेट आंदण म्हणून देऊन टाकण्यात आले. स्थानकाखालून सुटणारी तांबड्या मार्गावरची मेट्रो तिसऱ्या थांब्यावर विमानतळाशी पोचते.